आडवाटेवर एअरबॅग बंद करावी का? फोर बाय फोर चालकांसाठी मार्गदर्शन

पाऊस ओसरला की घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटा, नदीपात्रे आणि माळराने फोर बाय फोर गाड्यांनी गजबजू लागतात. त्याच सुमारास वाचकांचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : दगडधोंड्यांत गाडी आपटली तर एअरबॅग उगाचच उघडेल का, आणि तसे असेल तर निघण्यापूर्वी तिचा फ्यूज काढून ठेवावा का? दुसरा नेमका उलटा : गाडी कुशीवर पडली तरी एअरबॅग उघडली नाही, मग कंपनीने आपल्याला फसवले का? जिप्सी किंवा एमएम ५४० च्या काळात हे प्रश्न नव्हते, कारण त्या गाड्यांत एअरबॅगच नव्हती. चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही ती बंधनकारक ठरली. आज तीन दारी थार आणि गुरखा यांत पुढच्या दोन, तर जिम्नी आणि थार रॉक्स यांत सहा एअरबॅग असतात.

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे : एअरबॅग ही वेळ आली की धावून येणारी स्वतंत्र राखणदार आहे. प्रत्यक्षात ती सीटबेल्टची जोडीदार आहे. ‘एसआरएस’ या अक्षरांतला पहिला ‘एस’ पूरक या अर्थाचाच आहे. बेल्टने जागेवर धरून ठेवलेल्या शरीरालाच तिचा उपयोग होतो. म्हणून आडवाटेला निघताना एअरबॅग चालू ठेवावी की बंद, यावर फार डोके शिणवू नका. तुम्ही कसे बसता, बेल्ट कसा लावता आणि गाडीवर काय काय चढवता, याकडे लक्ष द्या. पुढचे सगळे मुद्दे याच एका सूत्राचे आहेत.

एअरबॅग कधी उघडते, कधी नाही

एअरबॅगचा मेंदू म्हणजे गाडीच्या मध्यभागी, बहुधा गिअरच्या कन्सोलखाली बसवलेला छोटा संगणक. पुढच्या भागातले सेन्सर आणि हा संगणक मिळून गाडीचा वेग किती झपाट्याने घटतो आहे, हे मोजतात. खड्ड्यात चाक आदळल्याचा दणका मुख्यतः खालून वर येतो आणि लगेच विरतो. भिंतीवर किंवा झाडावर आदळल्यावर मात्र गाडीचा पुढे जाणारा वेगच क्षणार्धात शून्याकडे येतो. या दोन्हींतला फरक ओळखूनच संगणक निर्णय घेतो. अमेरिकेतल्या गाड्यांच्या अनुभवावरून असे दिसते की, बेल्ट नसेल तर भक्कम भिंतीवर ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने आणि बेल्ट असेल तर ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळण्याइतका धक्का बसल्यावर पुढच्या एअरबॅग साधारणपणे उघडतात. आकडा गाडीगणिक बदलतो, पण अंदाज यायला एवढे पुरे आहे. फोर-एलमध्ये दगडांवरून जाताना तुमचा वेग बहुतेकदा ताशी पाच-दहा किलोमीटरच असतो. तेवढ्या वेगात चाक घसरले, बंपर खडकाला टेकला किंवा गाडी हेलकावली, म्हणून पुढची एअरबॅग उघडत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात स्पष्ट छापलेला असतो. गाडीचे पोट एखाद्या कठीण कडेवर जोरात आपटले, गाडी खोल खड्ड्यात कोसळली किंवा उडी मारून दणकन खाली आली, तर एअरबॅग उघडू शकते. चेंबर हलकासा घासणे वेगळे आणि वेगात असताना चेसिस खडकावर अडकून गाडी जागीच थांबणे वेगळे. वाळूच्या टेकाडांवर आणि कोरड्या नदीपात्रात हा धोका अधिक असतो, कारण तिथे वाळूत रुतू नये म्हणून वेग राखावा लागतो आणि पलीकडचा खड्डा किंवा ओंडका आधी दिसत नाही. म्हणजे एअरबॅग ‘उगाचच’ उघडण्याचे बहुतेक प्रसंग वेगाचेच असतात. न दिसणाऱ्या उतारापूर्वी थांबणे, उतरून वाट पाहणे आणि मगच चाक पुढे घालणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

आता दुसरा प्रश्न. आडवाटेवरचा सर्वांत गंभीर अपघात म्हणजे गाडी उलटणे. त्यात गाडी समोरून कशावरही आदळत नसल्यामुळे पुढच्या एअरबॅग सहसा उघडत नाहीत, आणि तो बिघाड नव्हे. उलटताना कामी येतात त्या खिडकीवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या कर्टन एअरबॅग. त्याही तुमच्या गाडीत असतील आणि गाडीत उलटण्याचा वेग ओळखणारा सेन्सर असेल तरच. माहितीपुस्तकातला एअरबॅगचा भाग उघडा आणि आपल्या गाडीत कर्टन एअरबॅग आहेत का, त्या गाडी उलटल्यावर उघडतात की फक्त बाजूने धडक बसल्यावर, हे वाचून घ्या. दोनच एअरबॅग असलेल्या गाडीत उलटल्यानंतर तुमचे रक्षण बेल्ट आणि रोल केज एवढेच करतात.

फ्यूज काढण्याचा मोह का टाळावा

एअरबॅगचा फ्यूज काढला की फक्त एअरबॅग बंद होते, असा समज आहे. बहुतेक गाड्यांत धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घट्ट करणारे प्रीटेन्शनर त्याच संगणकाच्या आज्ञेवर चालतात. म्हणजे एका फ्यूजने तुम्ही दोन्ही संरक्षणे घालवता. शिवाय आडवाट संपल्यावर फ्यूज परत लावण्याची आठवण राहत नाही आणि घरी परतताना महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने गाडी तशीच धावते. खरा मोठा धोका तर तिथेच असतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो : मग काही कंपन्यांनीच बंद करण्याचे बटण का दिले? टोयोटाच्या फोररनर, लँड क्रूझर यांसारख्या काही गाड्यांत ‘आरएससीए ऑफ’ असे बटण मिळते, हे खरे आहे. गाडी अतिशय आडवी कलते अशा वाटेवर उलटण्याचा चुकीचा अंदाज बांधून कर्टन एअरबॅग उघडू नयेत, यासाठी ते आहे. पण या बटणाने बंद होते ती फक्त उलटणे ओळखून संरक्षण देण्याची सोय. पुढच्या एअरबॅग चालूच राहतात आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ती सोयही आपोआप परत येते. कंपनीने इतकी मोजूनमापून दिलेली सवलत आणि आपण उपटलेला फ्यूज यांची बरोबरी होऊ शकत नाही. तुमच्या गाडीत असे बटण असेल तर माहितीपुस्तकात सांगितलेल्या परिस्थितीतच वापरा. नसेल तर त्याला पर्याय शोधू नका.

शेजारच्या सीटची एअरबॅग किल्लीने बंद करण्याची सोय काही गाड्यांत असते. ती मागे तोंड करून बसवायच्या बाळाच्या सीटसाठी आहे. अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. त्याहून उत्तम म्हणजे मुलांना मागेच, त्यांच्या वयाच्या सीटमध्ये बसवा.

बेल्टवरच्या हरकती आणि त्यांची उत्तरे

अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने काढलेले अनुमान असे आहे की, एसयूव्ही आणि पिकअपसारख्या गाड्यांत पुढे बसलेल्यांचा मृत्यूचा धोका बेल्टमुळे सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो. मोटारींत हेच प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. उंच गाड्यांत बेल्टचा फायदा अधिक दिसतो, कारण त्या उलटतात आणि उलटताना बेल्ट नसलेला माणूस बाहेर फेकला जातो. त्याच प्रशासनाच्या अंदाजानुसार १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या धडकांत पुढच्या एअरबॅगच्या दणक्याने २९० हून अधिक मृत्यू झाले. त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक लोक बेल्टविना किंवा चुकीच्या पद्धतीने बसलेले होते आणि बहुतांश गाड्या १९९८ पूर्वीच्या होत्या. एअरबॅग माणसाला इजा करते ती बहुधा माणूस तिच्या फार जवळ गेल्यावर. त्याला तिथे जाऊ न देणे हे बेल्टचे काम आहे.

तरीही आडवाटेवर बेल्ट काढणारे बरेच असतात. त्यांची कारणे ऐकून घेण्याजोगी आहेत.

- ‘चढावर बेल्ट अडकतो, हलताच येत नाही.’ गाडी कलली की बेल्टचे रीळ मुद्दामच कुलूपबंद होते, तो दोष नाही. सपाटीवर असतानाच बेल्ट लावा. अडकलाच तर पाठ सीटला टेकवून थोडा आत जाऊ द्या, मग तो सहसा सुटतो. तेही जमले नाही तर सपाटीवर पोचेपर्यंत थांबा.
- ‘गाडी उलटली तर उडी मारता येत नाही.’ उलटणाऱ्या गाडीतून बाहेर पडायला वेळ मिळत नाही. बाहेर पडणारा माणूस गाडीखालीच येण्याची शक्यता मोठी असते.
- ‘खिडकीतून डोके काढल्याशिवाय दगड दिसत नाही.’ मग खाली उतरलेला जाणकार स्पॉटर हवा. बाहेर काढलेल्या डोक्याला कर्टन एअरबॅग वाचवू शकत नाही, आणि गाडी त्याच बाजूला कलंडली तर काहीच वाचवू शकत नाही.
- ‘एवढ्याशा वेगात काय होणार?’ या वेगात पुढची एअरबॅग उघडणार नाही, हे आपण पाहिलेच. म्हणूनच तिथे बेल्टखेरीज तुम्हाला दुसरे काहीही धरून ठेवत नाही.

मागे समोरासमोर बाके असलेल्या जुन्या गाड्यांतून आडवाटेला माणसे नेऊच नका. आडव्या बसलेल्या प्रवाशासाठी कोणतीही एअरबॅग बनवलेली नाही.

बसायचे कसे

एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. तिला फुगायला जागा हवी. त्यासाठी पुढच्या गोष्टी सवयीच्या करा.

- छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. चढावर पुढचे दिसावे म्हणून पुढे झुकण्याऐवजी सीट उंच करा.
- हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा. अंगठे स्टिअरिंगच्या आत न अडकवता कडेवर ठेवा, कारण दगडाच्या धक्क्याने स्टिअरिंग गर्रकन फिरते. हात स्टिअरिंगच्या मधून आडवा नेऊ नका.
- शेजारच्याने डॅशबोर्डवरची मूठ धरली तरी पाठ सीटलाच टेकलेली हवी. पाठ सोडूनच मूठ हाताला येत असेल तर दुसरा आधार धरा. एअरबॅगच्या झाकणावर हात, कोपर किंवा पाय नको.
- मांडीवर मूल, बॅग किंवा कॅमेरा नको.
- डॅशबोर्डवरची मूर्ती, वॉकीटॉकी, मोबाइलचा स्टँड हे सगळे एअरबॅगच्या झाकणापासून दूर आणि पक्के बसवा. भक्तिभावाने ठेवलेली मूर्तीसुद्धा एअरबॅगने उडवली तर दगडासारखी चेहऱ्यावर येते.

गाडीवर काय चढवू नये

फोर बाय फोर हौसेने सजवली जाते. पण धडकेचे गणित कंपनीने मूळ गाडीवर बसवलेले असते. पुढे लोखंडी बुलबार लावला की धक्का सेन्सरपर्यंत वेगळ्या रीतीने पोचतो. एअरबॅग उशिरा उघडण्याचा किंवा नको तेव्हा उघडण्याचा धोका त्यातून निर्माण होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचे सांगितले आणि कारवाई करण्याची सूचना केली. परवानगीविना गाडीत फेरबदल केल्यास कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘ट्रेलवर बुलबार रेडिएटर वाचवतो’ हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण रेडिएटर पैशांनी परत मिळतो. त्याला वाचवण्यासाठी स्वतःच्या छातीचे संरक्षण बिघडवू नका. पुढे विंच बसवणे, गाडी उंच करणे किंवा सस्पेन्शन बदलणे यांबाबत आधी कंपनीच्या अधिकृत केंद्राकडून लेखी उत्तर घ्या.

आतल्या बाजूचेही तसेच. सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असेल तर सरसकट कव्हर घालू नका, तिथली शिवण एअरबॅगसाठी मोकळी ठेवलेले कव्हरच घ्या. नंतर बसवलेल्या रोल केजचा दांडा कर्टन एअरबॅगच्या वाटेत येत नाही ना, आणि डोक्याजवळच्या दांड्यांना जाड पॅडिंग आहे ना, हे पाहा. पिवळे कनेक्टर आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. दिवे किंवा रेडिओ बसवणाऱ्याला त्यांना हात लावू देऊ नका.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

1. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, विझला नाही किंवा वाटेत पुन्हा लागला, तर यंत्रणेत बिघाड आहे. दुरुस्तीआधी आडवाटेला जाऊ नका.
2. जुनी गाडी घेताना ही चाचणी विक्रेत्यासमोर करा. एअरबॅगचा दिवा अजिबात लागत नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याची शंका घ्या.
3. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकून रिकॉल आहे का ते तपासा. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधले रसायन उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत असे आणि फुटताना धातूचे तुकडे उडत असत. त्यामुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेतल्या जुन्या आयात एसयूव्हीच्या मालकांनी ही तपासणी टाळू नये. रिकॉलमधली दुरुस्ती मोफत असते.
4. गाडीत पाणी शिरले असेल तर सीटखालचे कनेक्टर आणि कन्सोलखालचा संगणक तपासून घ्या. आतला चिखल प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका.

एअरबॅग उघडलीच तर

मोठा आवाज होतो, पांढरी पूड उडते आणि जळका वास येतो. आग लागली असे वाटते, पण ती बहुधा एअरबॅगचीच धूळ असते. इग्निशन बंद करा, सुरक्षित असेल तर बाहेर पडा, डोळे आणि त्वचा पाण्याने धुवा. एअरबॅगच्या मागचे धातूचे भाग तापलेले असतात, त्यांना हात लावू नका. गाडी उलटी असेल तर बेल्ट सोडण्यापूर्वी एक हात छताला टेकवा. मदतीसाठी ११२ किंवा १०८ वर फोन करा. रेंज नसणाऱ्या वाटेवर म्हणूनच एकट्या गाडीने जाऊ नये. उघडलेली एअरबॅग पुन्हा शिवून वापरता येत नाही. तिच्यासोबत प्रीटेन्शनर, सेन्सर आणि संगणकही बदलावे लागू शकतात. हे काम अधिकृत केंद्रातच करून घ्या आणि बदललेल्या भागांची बिले जपून ठेवा.

विमा आणि तुमचे हक्क

मोटार विम्याच्या प्रमाणित अटींत एअरबॅगवर ५० टक्के घसारा धरला जातो. त्यामुळे खर्चाचा अर्धा भार तुमच्यावर येतो. झिरो डेप अ‍ॅड-ऑन असेल तर हा फटका टळतो. स्पर्धा, वेगचाचणी आणि तत्सम वापर पॉलिसीतून वगळलेला असतो, म्हणून ऑफ-रोड स्पर्धेत नाव देण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारा. बेकायदा फेरबदलही क्लेमच्या आड येऊ शकतात.

आता ‘कंपनीने फसवले का’ या प्रश्नाकडे. गाडी समोरून जोरात धडकली आणि एअरबॅग उघडली नाही, तर तुम्ही दाद मागू शकता. २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका क्रेटा गाडीच्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. वेग आणि बल यांची गणिते मांडून धडक पुरेशी होती की नाही हे ठरवण्याइतका ग्राहक पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ असावा, अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा आधार मोठा आहे, पण गाडी हळूच कुशीवर पडल्याच्या प्रकरणात तो आपोआप लागू होणार नाही. तक्रार करायची असेल तर :

- गाडी हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढा, विशेषतः पुढच्या चेसिसचे आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे.
- संगणकातली धडकेची नोंद पुसू नये आणि तिची प्रत द्यावी, असे केंद्राला लेखी कळवा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते.
- मूळ गाडीत केलेला प्रत्येक बदल कंपनी तुमच्याविरुद्ध मांडेल, हे लक्षात ठेवा.

शेवटच्या मुद्द्यातूनही तेच सूत्र पुन्हा दिसते. बुलबार नसलेली, फ्यूज जागच्या जागी असलेली आणि दिवा नीट विझणारी गाडी कड्यावरही तुमच्या बाजूने असते आणि आयोगासमोरही. एवढी तयारी सपाटीवरच करून घ्या. चढ सुरू झाल्यावर बेल्ट अडकतो, हात मोकळे नसतात आणि तेव्हा यातले काहीच करता येत नाही.